सरळ केलेला जबाब

संपादकांचा फोन आला तेव्हा मी तोंडाला साबण लावून दाढीला बसलो होतो. "हवालदार, यंदाही दिवाळी अंकासाठी काहीतरी थरारक द्या. खून, दरोडा, पाठलाग." म्हटलं, "अहो, एकतीस वर्षं पोलिसात काढली, पण पाठलाग केला तो एकदाच. ठाण्याच्या आवारातनं सुटलेल्या म्हशीचा. ती पण घावली न्हाय." ते हसले आणि म्हणाले, मग तुम्हाला जे लिहावंसं वाटतं ते लिहा. हे त्यांनी म्हणायला नको होतं. मला जे लिहावंसं वाटतं ते फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचण्यासारखं नाही. ज्याला नको असेल त्यानं पान उलटावं, माझी काही तक्रार नाही.

मी रायटर होतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक-दोन रायटर असतात. साहेब घटनास्थळी जातात, कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि मागं एक जण मांडीवर पॅड घेऊन लिहीत बसलेला असतो. तो रायटर. खबर तो लिहितो, पंचनामा तो लिहितो, लोकांचे जबाब तो लिहितो. माझ्या कमरेला पिस्तूल कधी लागलं नाही. निळं बॉलपेन आणि कार्बन पेपर एवढीच माझी हत्यारं, आणि शेवटची काही वर्षं तो कॉम्प्युटर.

पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसतं त्याची नोंद. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते जुने हवालदार सांगायचे, "दिसंल त्ये लिवायचं. तुला कळंल त्ये न्हवं, दिसंल त्ये." झाडाखाली चप्पल दिसली तर चप्पल लिहायची, ती कुणाची हे पुढं बघू. हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. या गोष्टीत त्याचं पुढं काम आहे, म्हणून सांगून ठेवतो.

जबाबाचं मात्र वेगळं. माणूस सांगताना कधीच ओळीनं सांगत नाही. मारामारीची तक्रार द्यायला आलेला माणूस आधी डोक्याला पडलेले टाके सांगतो, मग आज्यानं केलेली वाटणी, मग म्हैस, मग परत टाके. हे सगळं ऐकून आधी काय झालं आणि मग काय झालं अशी घडी घालायची, याला आम्ही जबाब सरळ करणं म्हणायचो. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: माझा जबाब माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे. जबाब सरळ करण्यात जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. नवीन फौजदार आले की वरचे साहेब त्यांना सांगायचे, "ह्याच्या हातचा जबाब कोर्टात मोडत नाही." ते ऐकून माझी छाती फुगायची. आता ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

पोराटोरांची प्रकरणं आली की ती माझ्याकडं यायची. मला पोरांशी बोलता येतं असं सगळ्यांचं मत होतं. मी टोपी काढायचो, खाली जमिनीवर मांडी घालून बसायचो, खिशातनं श्रीखंडाची गोळी काढायचो. बाहेरच्या माणसाला यातला कायदा थोडक्यात सांगतो. सात वर्षांच्या आतल्या पोरानं काहीही केलं तरी तो गुन्हा नाही. सात ते बारामधल्या पोराला आपण काय करतोय याची पुरेशी समज होती का, ते बघायचं. आता नवीन कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण सात आणि बारा तिथंच आहेत.

सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पोरगं चालायला लागलं की फुटबॉल खेळतं. एका पोरानं मारलेला बॉल चिवडेवाल्याच्या काचेच्या बरणीवर बसला, बरणी फुटली आणि तिची काच मालकांच्या हाताला लागली. मालक रक्ताचा हात फडक्यात गुंडाळून ठाण्यात आले, दुसऱ्या हातात पोराचं बखोट. पोरगं पाच वर्षांचं, दोन्ही नाकपुड्या वाहत होत्या. मी म्हटलं, "मालक, ह्याच्यावर गुन्हा दाखल करायचा तर आधी ह्याचं नाक पुसाय पायजे."

"मग बापावर करा."

"बापानं बॉल मारला काय?"

"बापानं पोरगं काढलं की!" मालक एवढ्या जोरात ओरडले की लॉकअपमधला चोरसुद्धा हसला. शेवटी पोराला चिवड्याची पुडी देऊन मालकच घरी सोडून आले.

दुसरं प्रकरण जरा गंभीर. गारगोटीच्या वाटेवरच्या एका गावात उताराला उसाची ट्रॉली उभी होती आणि चाकाखाली धोंडा लावला होता. दहा वर्षांच्या एका पोरानं क्रिकेटच्या स्टंपाला म्हणून तो धोंडा काढून नेला. ट्रॉली घरंगळली आणि खाली बसलेल्या म्हाताऱ्याचा पाय मोडला. पोरगं अर्धा दिवस उसात लपून बसलं. साहेब म्हणाले, "लपला ना? मग समज आहे." मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. घरात कप फुटला तर तीन वर्षांचं पोरगंही पलंगाखाली जातंय की! पण साहेबांपुढं कोण बोलणार. कागद बाल न्याय मंडळापुढं गेले. मंडळानं पोराशी मायेनं बोलून, सगळं तपासून सोडून दिलं, आणि तसा आदेश दिला. त्याच्या बापानं तो आदेश लॅमिनेट करून देवाच्या फोटोशेजारी लावला. ते पोरगं आता टेम्पो चालवतं. मी दिसलो की गाडी थांबवून म्हणतं, "हवालदार, मला मंडळानं सोडलंय, बरं का! कागद हाय माझ्याकडं."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. त्याच भागातलं दुसरं गाव, नाव सांगत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत, आणि जिची ही गोष्ट आहे तिला विचारूनच लिहितो आहे.

दोन भाऊ होते, थोरला मारुती आणि धाकटा तानाजी. शेत एकत्र, विहीर एक, घरं एकाच अंगणात. शेताची लाईट दिवसातनं काही तासच येते आणि ती कधी येईल याचं वेळापत्रक असतं, पण ते लाईटला माहीत नसतं. म्हणून प्रत्येक मोटारीच्या खोपटात एक बल्ब चालू ठेवलेला असतो. तो पेटला की लाईट आली, मग कुणीतरी पळत जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. हे काम बहुतेक घरांत पोरांकडं असतं. मोठी माणसं रानात लांब असतात, आणि पोरांचे पाय पळायला शिवशिवत असतात.

या घरात ते काम तानाजीच्या पोरीकडं होतं, ऋतुजाकडं. सहा पुरी होऊन सातवं चालू. बटण शिकवलं ते चुलत्यानं, मारुतीनं. आधी तो तिला उचलून धरायचा, मग तिची उंची पुरावी म्हणून त्यानं स्टार्टरच्या पेटीखाली एक वीट आणून ठेवली. तिनं बटण दाबलं आणि विहिरीत मोटार वाजायला लागली की तो रानातनं ओरडायचा, "शाबास गं, माझ्या वाघिणी!"

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटून पोरगी खोपटाजवळ चिंचेखाली खेळत होती. मारुती विहिरीतल्या कट्ट्यावर उतरून मोटारीच्या वायरीचा उघडा पडलेला जोड बांधत होता. लाईट दोनला यायची होती म्हणून त्यानं फ्यूज काढला नाही. ती दीडलाच आली, आणि मारुती जागेवरच गेला.

आम्ही पोचलो तेव्हा प्रेत वर काढून ठेवलं होतं, शंभर-दीडशे माणूस जमलं होतं. मारुतीची बायको शोभा, तिला चार बायकांनी धरून ठेवलं होतं. तिचे भाऊ लगोलग आले होते आणि तानाजीच्या अंगावर धावून जात होते. "फ्यूज कोण काढायचा? बटणाजवळ पोर कुणी ठिवली? ह्याला आत घाला, साहेब!" तानाजी खाली मुंडी घालून उकिडवा बसला होता आणि एकच म्हणत होता, "सांगायचं राहिलं, सांगायचं राहिलं." मी समजलो, आज बटण दाबू नको असं पोरीला सांगायचं राहिलं. कुणाला काय सांगायचं राहिलं, हे मी विचारलं नाही.

मी पंचनामा लिहिला. विहीर, कट्टा, वायर, पक्कड, टेपचं रीळ. खोपटातली स्टार्टरची पेटी उघडून जे दिसलं ते सगळं लिहिलं. आणि मग पोरीकडं वळलो.

ती लपली नव्हती. कुणाचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. ती त्या विटेवर बसून होती, हातात चिंचेचा पाला. गर्दी बघून बावरली होती, पण आपण काही केलंय असं तिच्या तोंडावर कुठं नव्हतं. मी टोपी काढली, खाली बसलो, गोळी दिली. विचारलं, "बाळ, बटण कुणी दाबलं?"

"मी," ती म्हणाली. अभिमानानं म्हणाली हो! शाबास ऐकायची सवय होती तिला.

"कसं दाबलंस सांग बघू."

"मोटार वाजाय लागली. मग मी पळत आलो, विटंवर चढलो, आनि दाबलं." आमच्याकडं पोरीबाळी मी आलो, मी गेलो असंच बोलतात.

"आधी दाबलंस आणि मग वाजली न्हवं?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मग तानाजीकडं बघितलं. तानाजीनं मान वर केली नाही. "मोटार वाजली, मग दाबलं," ती परत म्हणाली.

"अगं, दाबल्याबिगर मोटार वाजती व्हय?"

तिनं विचार केला. अगदी कपाळाला आठ्या घालून विचार केला. आणि म्हणाली, "न्हाय."

"मग?"

"दाबलं, मग वाजली."

मी लिहिलं: लाईट आल्यानंतर मी बटण दाबले व त्यानंतर मोटार चालू झाली. माझा जबाब माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.

साहेब नवीन होते, घाबरलेले होते. शोभाचे भाऊ रस्ता अडवायची भाषा करत होते. तेव्हा मी साहेबांना बाजूला घेतलं आणि माझी अक्कल चालवली. म्हटलं, "साहेब, बटण पोरीनं दाबलं. पोरगी सातच्या आत. गुन्हाच होत नाही. अकस्मात मयत म्हणून कागद बंद." साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी जमावाला मोठ्यानं समजावून सांगितलं, पोरीनं बटण दाबलं, पण ती अजाण आहे, कायदा तिला हात लावत नाही. शोभाचे भाऊ गप्प झाले. सहा वर्षांच्या पोरीवर काय धावून जाणार? तानाजीनं मला हात जोडले. साहेब जीपमध्ये म्हणाले, "हवालदार, तुम्ही होता म्हणून." मी घरी आलो आणि पोटभर जेवलो. एका घराचं वाटोळं होता होता वाचवलं, असं बायकोला सांगितलंसुद्धा. हाड् माझ्या जिनगानीवर!

यानंतर कैक वर्षं मला या प्रकरणाची आठवणही आली नाही. मी निवृत्त झालो. जयसिंगपूरकडं थोरल्या पोरीचं सासर आहे, तिथं चार दिवस राहायला गेलतो. जावयाच्या मोटारीचं काम निघालं. वायरमन पोरगा आला, त्यानं स्टार्टरची पेटी उघडली, आणि मी सवयीनं डोकावलो. आत डाव्या अंगाला काळी लहान डबी, तिला दोन वायरी जोडलेल्या.

"हे काय रं?" मी विचारलं.

"ऑटो म्हणत्यात ह्याला, मामा. लाईट आली की मोटार आपोआप चालू. बटणाला हात लावायची गरज न्हाय. पन घातक असतंय बगा. कोन वायरीला हात लावून बसला असंल तर गेलाच."

मी तिथं बांधावर मटकन बसलो. जावई धावत आला, त्याला वाटलं साखर कमी झाली. मला माझं अक्षर दिसत होतं. पंचनाम्याचं दुसरं पान, वरनं चौथी-पाचवी ओळ: पेटीचे आत डावे बाजूस काळ्या रंगाची लहान डबी, तीस दोन वायरी जोडलेल्या. दिसलं ते लिहिलं होतं. कळलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. विचारायचं कशाला? पोरगी दाबलं म्हणत होती की.

आणि पोरगी खरंच सांगत होती. मोटार आधी वाजली. रोजचं काम म्हणून ती नंतर पळत आली आणि दाबलं. सहा वर्षांच्या पोरीनं ओळीनं, जसं घडलं तसं, दोनदा सांगितलं. एकतीस वर्षांत मला एवढा सरळ जबाब कुणी दिला नसेल. तोच एक मी उलटा केला.

कोल्हापुरात आल्या आल्या, जिथं ते कागद झाले होते त्या गारगोटीकडच्या ठाण्यात गेलो. कॉम्प्युटरपुढं बसलेल्या पोरानं आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला, नोंदी बघितल्या. "काका, त्या कागदांची मुदत संपली. नाश केलेत. गुन्हा असता तर राहिले असते. हा गुन्हाच न्हवता, कागद कोन ठेवणार?" म्हणजे काळ्या डबीची ती ओळही गेली. आता ती फक्त माझ्या डोक्यात.

मग तानाजीकडं गेलो. दूध घालायला तो डेअरीवर आला होता. मला ओळखलं त्यानं. मी एवढंच विचारलं, "ऑटो कवा बसवलावता?" त्याच्या हातातली किटली कलंडली, दूध रस्त्यावर गेलं. मला बाजूला चिंचोळ्या बोळात घेऊन गेला आणि माझे पाय धरले.

"आदल्या दिवशी सांजंला बसवला, साहेब. दादाला सांगायचं राहिलं. त्यो म्हनायचा, ऑटो कशाला, आपली पोरगी हाय की."

"आणि पोरीचं नाव घेतलं तवा गप्प बसलास?"

"मी बोलनार हुतो. देवाशपथ बोलनार हुतो. पन तुमीच म्हनला की, पोरीला गुन्हा लागत न्हाय. मला लागला असता. मी आत गेलो असतो तर वैनीला आनि तिच्या दोन पोरांस्नी कोन बघितलं असतं?" त्यानं डोळे पुसले. "दादाची दोन्ही पोरं शिकवली मी. थोरलं नोकरीला लागलं. वैनीला काय कमी पडू दिलं न्हाय."

"आणि ऋतुजाला?"

 तो रिकामी किटली उचलून निघून गेला. हा माणूस वाईट असता तर मला बरं झालं असतं. मी त्याच्यावर राग काढला असता आणि मोकळा झालो असतो. दोन घरं त्यानं एकट्यानं ओढली, हे मला दिसत होतं. माझं तोंड बंद झालं आणि मी गावाहून परत आलो. कुणालाच काही सांगितलं नाही. यालाही आता वर्ष होऊन गेलं होतं.

आणि मग यंदा एका दुपारी दारात एक पोरगी उभी. अंगावर साधा ड्रेस, खांद्याला कॉलेजची पिशवी. "काका, तुमी पोलिसात रायटर हुता न्हवं? मी ऋतुजा." नाव ऐकलं आणि मी दार पूर्ण उघडलं.

ती कोल्हापुरातच फार्मसी शिकते, हॉस्टेलवर राहते. पाणी प्यायली, खुर्चीच्या टोकावर बसली. बायकोनं पोहे करते म्हटलं तर नको म्हणाली. मग बोलायला लागली, आणि एकदा सुरू झाली ती थांबेना.

तिला कुणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. शोभाकाकी तर कधी एका शब्दानं बोलली नाही. पण मारुतीच्या श्राद्धाला दरवर्षी ऋतुजाला मामाकडं पाठवतात. का, ते कुणी सांगत नाही, पण तिला कळतं. शाळेत पोरं लाईट आली की तिच्याकडं बघून "दाब, दाब" ओरडायची. एका जागेचं लग्नाचं बोलणं चाललं होतं. कुणीतरी कानात सांगितलं आणि पावणं परत आलेच नाहीत. "त्येचं काय न्हाय, काका," ती म्हणाली. "पन माजा हात बटणाला जात न्हाय. घरात पंखा आई लावती. हॉस्टेलवर रूममधली पोरगी लावती. लॅबमधी मशीन सुरू करायची वेळ आली की मी पानी प्यायला जातो. सरांस्नी वाटतंय मी कामचुकार हाय."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. 

"शेजारच्या गावात एक टेम्पोवाला हाय, तुमचा पत्ता त्येनंच दिला," ती म्हणाली. "त्येनं ट्रॉलीचा धोंडा काढलावता लहानपनी. त्येला कागद मिळालाय, त्यो निर्दोष हाय म्हनून. घरात लावलाय. तसा मला मिळंल काय?"

मी तिला समजावलं. "बाळ, त्याच्यावर केस झाली. केस झाली म्हणून सुटला, सुटला म्हणून कागद मिळाला. तुझ्यावर केसच झाली नाही. तू सातच्या आत होतीस. गुन्हाच नव्हता, मग सुटका कशातनं?"

"पन मी केलं असं तर सगळ्यांस्नी सांगितलं की पोलिसांनी."

"सांगितलं."

"मग आता करा की केस माज्यावर," ती म्हणाली. "आता मी मोठी हाय. करा केस, मी हजर व्हतो. मग सोडू देत न्हायतर धरू देत. कुनीतरी एकदा नीट बघू दे की, काका!"

टीव्हीवर अधूनमधून वाद चालतो, पोराच्या हातनं अपघात झाला तर त्याला कायद्यानं धरावं का. मोठमोठे वकील तावातावानं बोलतात. लहान पोराला धरू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण धरलं नाही म्हणजे पोर सुटलं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्या दुपारी माझ्या खोलीत आणून बसवायला पाहिजे होतं. मोठा माणूस असता तर वकील उभा राहिला असता, त्यानं मला उलटसुलट विचारलं असतं, हवालदार, ही काळी डबी कसली? आणि तिथंच सगळं उघडं पडलं असतं. पोरीला कायद्यानं माफी दिली, आणि माफीआधी चौकशी करायची असते हे मीच विसरलो.

"काका, एकच विचारायचं हाय," ती म्हणाली. "मला आटवतंय, आवाज आधी आलावता. पन सगळी म्हनत्यात मी लहान हुतो, मला काय आटवणार. तुमाला त्या दिवशी मी काय सांगितलं हुतं?"

मी तानाजीला काही वचन दिलं नव्हतं, पण गप्प बसून दिल्यासारखंच होतं. तरी या पोरीचं सांगणं दुसऱ्यांदा उलटं करणं मला जमणार नव्हतं. म्हटलं, "तू म्हणालीस, मोटार वाजली, मग मी दाबलं. दोनदा म्हणालीस. मी उलटं लिहिलं. चूक माझी."

तिनं डोळे मिटून घेतले. छातीतनं एक मोठा श्वास सोडला. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. पण शेतकऱ्याची पोरगी ती. दुसऱ्या क्षणी डोळे उघडून म्हणाली, "मग मोटार चालू कशी झाली?"

"पेटीत ऑटो होता."

"ऑटो आमच्यात कवा न्हवता. मारुतीकाका तर बसवू द्यायचा न्हाय. कुनी बसवला?"

मी खाली बघितलं. मघाच्या पाण्याचा तांब्या तिथं होता, त्याच्याकडं बघत राहिलो. तिनं परत विचारलं नाही.  मग ती हळूच म्हणाली, "म्हनून आबा माज्याकडं सरळ बगत न्हाईत. मला वाटायचं, त्येंचा भाऊ मारला म्हनून."

ती रडली नाही. रडली असती तर बायकोनं जवळ घेतलं असतं. पिशवी खांद्याला लावून उठली. म्हणाली, "आबांस्नी सांगू नका मला कळलंय म्हनून. काकीला पन नको. तिला आता ह्या वयात आबांच्या घरचं जेवन गोड लागायचं न्हाय. माजं हाय त्ये ऱ्हाऊ दे माज्यावर." मी म्हटलं, "अगं, पण तू का—" तर म्हणाली, "आता मला समज हाय की, काका."

दारापर्यंत जाऊन वळली. "तुमी लिवता म्हनं अंकात. लिवा हे. आमची नावं घालू नका, गाव घालू नका. पन कुटंतरी छापल्यालं असू दे."

ते हे लिहिलं. याहून मोठा कागद मी तिला देऊ शकत नाही.

आमच्या इमारतीचा जिना भर दुपारीही काळोखा असतो, पायऱ्या झिजलेल्या, नवा माणूस हमखास घसरतो. मी मागनं म्हटलं, "बाळ, तुझ्या उजव्या हाताला बटण आहे, दाब, उजेड पडेल." तिचा हात वर गेला. मी बघत होतो. खरं कळलं होतं की तिला आता, मोटार आधी वाजली होती, तिनं काही केलं नव्हतं. बोट बटणाच्या वीतभर अलीकडं थांबलं, आणि हात खाली आला.

"तुमीच दाबा की, काका," ती म्हणाली.

मी दाबलं.